डॉ. हाफकिन आणि आपल्या शेजारचे उंडेरा

मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. परंतु ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांच्या कामाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या बडोद्याजवळ मिळाला, हे आम्हालाही निवृत्तीनंतरच वाचनात आले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. गुणवत्ता असूनही धर्मामुळे मायदेशात प्राध्यापकी मिळणे अवघड होते. ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी काही महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस दिली.

लस गुणकारी आहे हे ठरवायचे कसे? लस घेणारे मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरातले असतील, तर ते लसीविनाही वाचले असते. ही शंका उंडेरा गावात दूर झाली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील या गावात प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. घर तेच, अन्नपाणी तेच, उंदीरही तेच. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. म्हणजे मृत्यूचे प्रमाण एकीकडे सुमारे ४१ टक्के, तर दुसरीकडे ४ टक्के.

आम्ही बँकेत आयुष्यभर आकडे पाहिले. थकीत कर्जे किती, हे एकूण कर्जे कळल्याशिवाय निरर्थक असते. साथरोगशास्त्राचा पहिला धडाही हाच: किती दगावले याआधी कितींपैकी ते विचारा, आणि तुलना सारख्यांचीच करा.

एवढे करूनही हाफकिन यांच्या वाट्याला बालंट आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक ते सर्व १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले सुखरूप होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हे तपासात होते, तरी न्याय मिळायला पाच वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्यास परतले, पण मुंबईची त्यांची जागा त्यांना परत मिळाली नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

आपल्या घरांतील अनेक मुलेमुली आज नर्सिंग, फार्मसी, वैद्यकी शिकत आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की उंडेऱ्याचे आकडे एकदा वहीत मांडून स्वतः टक्केवारी काढा. आणि मुलकोवालही विसरू नका. ठपका ठेवण्याआधीही हिशेब तपासायचा असतो.