बॉम जेझूतील झेवियर

मांडूची होशंगशहाची कबर पाहत वाढलेल्या आम्हां मनावरकरांना संगमरवराचे अप्रूप नाही. तरी जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपुढे मी बराच वेळ खिळून राहिलो.

झेवियर मूळचा नवारचा. १५०६ साली एका गढीत जन्मलेला, खानदानी घरातला. पॅरिसला शिकत असता इग्नेशियस लोयोलाची गाठ पडली आणि १५३४ मध्ये सात सोबत्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले. पुढे त्यातूनच जेझुइट संघ निघाला. १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यास उतरला, पण एका जागी बसणे त्याच्या स्वभावातच नव्हते. तामिळ किनाऱ्यावरील मोती काढणारे कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ साली जपान! चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत असता ३ डिसेंबर १५५२ रोजी किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो वारला. वय अवघे सेहेचाळीस.

देह १५५४ मध्ये गोव्यास आला. चर्च त्यानंतरचे; १५९४ साली पायाभरणी झाली, १६०५ साली ते पुरे झाले. दर्शनी भागातील काळा दगड वसईचा, म्हणजे आपल्याच मुलखातला. समाधीचा चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीने दहा वर्षे खपून घडविला. तो तस्कनीच्या कोसिमो राजाचा नजराणा. १६९८ साली येथे उभारला गेला. त्यावरील काशाच्या चित्रफलकांत झेवियरचे चरित्र कोरले आहे. मला मात्र वरची चांदीची पेटी अधिक भावली. १६३६-३७ मध्ये ती गोव्याच्या कारागिरांनी घडविली. चौथऱ्यात दरबारी डौल आहे, पेटीत आपल्या सोनाराचा हात दिसतो.

हे सारे पाहताना एक गोष्ट मनातून जाईना. गोव्यात इन्क्विझिशन आणावे अशी विनंती याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे केली होती. ते आले १५६० साली, त्याच्या मृत्यूनंतर, आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्या धामधुमीच्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. आपल्यापैकी कित्येक घरांची कुलदैवते हीच! चांदीच्या नक्षीवर जीव जडतो म्हणून हे विसरावे, असे मला वाटत नाही. आणि तरी गोव्यातील कितीतरी हिंदू त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, दर्शनास रांग लावतात. २०२४ च्या नोव्हेंबरात पेटी खाली उतरविली तेव्हाही त्यांची रीघ होतीच.

उजवा हात मात्र त्या पेटीत नाही. १६१४ साली तो तोडून रोमला नेला. तेथील जेझू चर्चमध्ये तो आजही आहे.