भग्न नगरांचा छायाचित्रकार : एडवर्ड मायब्रिज

भरधांव घोड्याचे चारही पाय क्षणभर एकदम भूमीपासून सुटतात, हें १८७८ सालीं छायाचित्रांच्या मालिकेनें जगास दाखविणारा पुरुष म्हणून एडवर्ड मायब्रिज याचें नांव सर्वश्रुत आहे. परंतु या कीर्तीपूर्वीं त्याच्या मस्तकास दारुण आघात झाला होता, व त्यानंतरच त्यानें कॅमेरा हातीं धरला, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तीच कथा आम्ही येथें सांगत आहों.

मायब्रिजचा जन्म इंग्लंडांत टेम्स नदीच्या कांठीं किंग्स्टन गांवीं ९ एप्रिल १८३० रोजीं झाला. तरुणपणीं तो अमेरिकेस गेला व सॅन फ्रॅन्सिस्को येथें पुस्तकांचा व्यापार करूं लागला. १८६० सालीं टपालगाडींतून तो पूर्वेकडे निघाला असतां टेक्सस प्रांतांत घोडे उधळले, गाडीचा चुराडा झाला आणि मायब्रिज डोक्यावर आपटला. त्यानंतर त्यास एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या. वास व चव नाहींशी झाली. विचारांचा धागा हातीं राहीना. पुढें लंडनांत डॉक्टर विल्यम गल यांनीं त्याजवर उपचार केले. मोकळ्या हवेंत राहण्याचा सल्ला त्यांनींच दिला, असें सांगतात.

पुस्तकविक्या म्हणून गेलेला हा मनुष्य १८६७ च्या सुमारास सॅन फ्रॅन्सिस्को येथें छायाचित्रकार म्हणून उभा राहिला. त्या काळीं फिल्मची गुंडाळी निघाली नव्हती. कांचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावें आणि सुकण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत धुवावी, असा क्रम असे. एक पायरी चुकली कीं सारे श्रम व्यर्थ. विस्कटलेल्या चित्तास याहून कडक व याहून उपकारक गुरु कोणता मिळणार?

२१ ऑक्टोबर १८६८ रोजीं भूकंपानें सॅन फ्रॅन्सिस्को हादरलें. मायब्रिजनें ढांसळलेल्या भिंतींपुढें आपला कॅमेरा मांडला. स्वतः मोडलेल्या मनुष्यानें मोडलेल्या घरांकडे न डगमगतां पाहावें, यांत आम्हांस मोठें धैर्य दिसतें.

तथापि उद्योगानें तो पूर्ण बरा झाला, असें लिहिल्यास तें असत्य होईल. ऑक्टोबर १८७४ मध्यें पत्नीवरील संशयानें पेटून त्यानें हॅरी लार्किन्स नामक गृहस्थास गोळी घालून ठार केलें. अपघातापासून त्याचा स्वभाव पालटला होता, अशी साक्ष स्नेह्यांनीं न्यायालयांत दिली. पंचांनीं वेडाची सबब मानली नाहीं. तरीही १८७५ सालीं त्यास सोडून दिलें. आमच्या मतें दुखापत दयेस पात्र आहे. परंतु तिनें मनुष्यवध धुऊन जात नाहीं.

सुटतांच तो मध्य अमेरिकेस गेला. ग्वाटेमालांतील अँटिग्वा हें जुनें राजधानीचें शहर १७७३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झालें होतें. तेथील भग्न देवळांचीं चित्रें त्यानें शांतपणें, एकामागून एक घेतलीं. इकडे त्याच वर्षीं त्याची पत्नी निवर्तली, व लहान मुलगा अनाथाश्रमांत गेला. अवशेषांकडे स्थिर दृष्टीनें पाहणाऱ्या या डोळ्यांस आपल्या घराचे अवशेष मात्र दिसले नाहींत.

१८७८ सालीं त्यानें एका टेकडीवरून सबंध सॅन फ्रॅन्सिस्कोचें चौफेर दृश्य तेरा कांचांवर उतरविलें. एके काळीं ज्यास एक वस्तु धड दिसत नव्हती, त्यानें तेरा तुकड्यांतून एक अखंड नगर जुळविलें. ८ मे १९०४ रोजीं किंग्स्टन येथेंच त्याचा अंत झाला.

बालवाचकहो, उद्योग मनुष्यास पुनः उभा करतो, हें या चरित्रांत आपण पाहिलें. उभें राहिल्यावर कोणत्या वाटेनें जावयाचें, हें मात्र ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें.