रविवर्म्यांचा छापखाना

तैलरंगातील व्यक्तिचित्र ही एकोणिसाव्या शतकात राजेरजवाडे आणि धनिक यांचीच मिरासदारी होती. ती मोडण्याचे कार्य तिच्याच आश्रयाने वाढलेल्या चित्रकाराच्या हातून घडावे, हा विलक्षण योग होय.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. राजघराण्यांची व्यक्तिचित्रे रंगविता रंगविता त्यांचा लौकिक देशभर पसरला. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. परंतु ही चित्रे अखेर राजवाड्याच्याच भिंतींवर लागावयाची होती. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, अशी सूचना दिवाण सर टी. माधवराव यांनी पूर्वीच केली होती. तदनुसार १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आले. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा तयार करून एकावर एक ठसे उमटविले जात. शकुंतलेचा जन्म हे तेथून निघालेले पहिले चित्र. पुढे लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोहोचल्या.

या घटनेचे सामाजिक मोल मोठे आहे. रविवर्म्यांच्या त्रावणकोरातच मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा निघावयास १९३६ साल उजाडावे लागले. देवळाच्या उंबरठ्यावर जात आडवी येई. छापील चित्र विकत घेणाऱ्यास मात्र केवळ किंमत मोजावी लागे. गाभाऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसालाही देवाचे मुख स्वतःच्या घरात, हवे तितका वेळ न्याहाळता येऊ लागले.

व्यवहारात मात्र रविवर्म्यांना यश आले नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले; छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवावा लागला. कर्जाचा भार वाढला आणि अखेर तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ साली रविवर्म्यांचे निधन झाले. चित्रे त्यानंतरही छापली जात राहिली.

या प्रसाराची किंमतही मोजावी लागली. प्रांतोप्रांतीच्या देवरूपांतील वैविध्यावर एकाच चित्रकाराच्या कल्पनेची छाया पडली. कलासमीक्षकांनी या चित्रांना बाजारू ठरविले. हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि ज्यांच्या भिंतीला पूर्वी चित्रच ठाऊक नव्हते, त्यांच्या पदरी पडलेले दान या आक्षेपांनी उणे होत नाही.