माता रमाई आणि अकाली मृत्यूचा प्रश्न

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात माता रमाई यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी आपली चार लेकरे मातीआड केली होती. आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्याग हा शब्द वारंवार उच्चारताना एक साधा प्रश्न मागे पडतो. एकाच घरात इतके मृत्यू का झाले? त्याग माणूस स्वतः निवडतो. लेकराचा मृत्यू कोणी निवडत नाही. म्हणून या स्मृतिदिनी रमाईंचे आयुष्य त्यांच्या आणि त्यांच्या घराच्या आरोग्याच्या बाजूने वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

वणंद ते भायखळा

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करत. आई रुक्मिणी. वडिलांना छातीचे दुखणे होते, असे चरित्रकार सांगतात. अंगावरची टोपली खाली ठेवली तर संध्याकाळची चूल पेटणार नाही, अशा घरात दुखण्याला विश्रांती मिळत नाही. आधी आई गेली, मग वडीलही गेले. भावंडे पोरकी झाली आणि नातेवाइकांच्या आधाराने मुंबईत भायखळ्याला आली.

ज्या मुंबईत ही मुले आली, ती प्लेगने हादरलेली मुंबई होती. सप्टेंबर १८९६ मध्ये शहरात प्लेग सुरू झाला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या आणि ओल धरलेल्या वस्त्या डोळ्यांत खुपू लागल्या. त्या सुधारण्यासाठी १८९८ साली, म्हणजे रमाईंच्या जन्माच्याच वर्षी, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या. मात्र जितक्या लोकांची घरे गेली, तितक्यांना नवी घरे मिळाली नाहीत. गरीब माणूस पुढच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीत राहू लागला.

१९०६ च्या सुमारास रमाईंचे लग्न भीमरावांशी झाले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यानंतर, मोकळ्या छपराखाली ते पार पडले. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात वधूपक्ष, बसायला दगडी ओटे आणि पायाखालून वाहणारे गटाराचे पाणी, असे वर्णन चरित्रात आढळते. वधू जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. अस्पृश्य कुटुंबाच्या वाट्याला शहरातली कोणती जागा आणि दिवसातली कोणती वेळ येत होती, हे त्या लग्नमंडपातच दिसते.

परळच्या दोन खोल्या

पुढे हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला आले. खोली क्रमांक ५० आणि ५१ आजही आपल्या समाजासाठी आदराचे स्थान आहे. प्लेगनंतर ज्या ट्रस्टचा जन्म झाला, त्याच ट्रस्टच्या चाळीत रमाईंच्या संसाराची सुमारे दोन दशके गेली. आजूबाजूला गिरण्या, धूर, सामाईक नळ आणि सामाईक शौचालये. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. थोरला मुलगा यशवंत तेव्हा तान्हा होता. पुढे दीर आनंदराव यांचेही निधन झाले. जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद याच घराचा भाग होते.

बाबासाहेब १९१७ मध्ये परतले. नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. या काळात घरात नियमित पगार आला खरा, पण लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यातील बराच भाग बाजूला ठेवला जात होता. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले. या साऱ्या काळात घराचे गणित रमाईंनी जमवले. त्यांनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, ही आठवण प्रत्येक भीमजयंतीला सांगितली जाते. स्वाभिमानापोटी कोणाची मदत घेतली नाही, हेही सांगितले जाते. आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो. पण धुराची चूल, अपुरे अन्न, एकामागून एक बाळंतपणे आणि विश्रांतीचा अभाव यांचा हिशेब शरीर ठेवत असते, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे.

साथीला जात नसते, पण मृत्यूला असते

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ मुंबईच्या बंदरातून देशात शिरली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या काळी मुंबईत मृत्यूंची नोंद समाजगटानुसार होत असे. त्या नोंदींचा अभ्यासकांनी मांडलेला हिशेब आजही अंगावर काटा आणतो. या साथीत मुंबईतील युरोपीय लोकांमध्ये दर हजारी सुमारे ८ मृत्यू झाले, पारशी समाजात ९, तर कनिष्ठ जातीचे हिंदू म्हणून नोंदलेल्या गटात दर हजारी ६१. सवर्ण हिंदूंमध्ये हेच प्रमाण १९ च्या आसपास होते.

साथीचा विषाणू जात विचारत नाही. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, खिडकीतून हवा येते की नाही, अंगात ताप असताना कामावर जावे लागते का, पोटात अन्न आहे का आणि आजाऱ्याला पाणी द्यायला घरी कोणी आहे का, हे सगळे जात आणि वर्ग ठरवतात. जातीच्या उतरंडीवर जो सर्वांत खाली होता, त्याचे मरणही सर्वांत स्वस्त होते. त्या वर्षी रमाई वीस वर्षांच्या होत्या आणि याच शहरात राहत होत्या.

चार लेकरे

यशवंतनंतर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले झाली. एकही जगले नाही. राजरत्न सर्वांत धाकटा. जुलै १९२६ मध्ये तो गेला, तेव्हा बाबासाहेब कोलमडले. त्या काळात त्यांनी आपल्या स्नेह्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण पुरले, याची वेदना त्यात आहे. एका बाळाच्या कफनासाठी पैसे नव्हते म्हणून रमाईंनी स्वतःच्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आपल्या गाण्यांतून आणि भाषणांतून घरोघरी पोहोचली आहे. लुगड्याचा तुकडा आपल्या लक्षात राहिला. ते बाळ दगावले कशाने, हे मात्र आपण फारसे विचारले नाही.

शहराच्या नोंदी या प्रश्नाचे उत्तर देतात. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. यात एक बाब ध्यानात घ्यायला हवी. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्म गावी होई आणि मृत्यू शहरात नोंदला जाई, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा फुगलेला दिसतो. तो वजा केला तरी चित्र भयंकरच राहते, कारण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये अर्भकमृत्यू सर्वाधिक आणि खोल्या वाढतील तसे कमी, हा उतार त्या नोंदींत स्पष्ट दिसतो. म्हणजे रमाईंची लेकरे गेली, ती केवळ एका आईच्या नशिबाची गोष्ट नव्हती. परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींतील हजारो आयांची तीच कहाणी होती. नशीब हा शब्द वापरला की नगरपालिकेची, मालकाची आणि जातिव्यवस्थेची जबाबदारी संपते. तथागतांनी दुःखाला कारण असते, हे शिकवले. ते कारण शोधणे म्हणूनच आपले काम आहे.

उंबरठ्याबाहेरचा डॉक्टर

गरिबी हे एक कारण झाले. दुसरे कारण थेट अस्पृश्यतेचे. बाबासाहेबांनी वेटिंग फॉर अ व्हिसा या आत्मकथनपर लेखनात काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचा अनुभव नोंदवला आहे. १९२९ साली तो पत्ररूपाने प्रसिद्ध झाला होता. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या विनवण्यांनंतर तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने पत्नीला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. रोग्याला हात न लावता निदान झाले. पुढे प्रकृती बिघडल्यावर डॉक्टर आला नाही आणि ती स्त्री दगावली.

गावात डॉक्टर होता, औषध होते, फी द्यायची तयारीही होती. तरीही उपचार पोहोचला नाही. आरोग्यसेवा उपलब्ध असणे आणि ती आपल्याला मिळणे यांतले अंतर याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवांच्या शेजारी ठेवला, यातही अर्थ आहे.

धारवाड आणि राजगृह

राजरत्नच्या मृत्यूनंतर रमाईंची प्रकृती सावरली नाही. हवापालटासाठी त्यांना धारवाडला वराळे कुटुंबाकडे पाठवण्यात आले. तेथील वसतिगृहातील मुलांना अन्नाची टंचाई आहे हे कळल्यावर त्यांनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगतात. स्वतः आजारी असलेल्या, चार लेकरे गमावलेल्या बाईने परक्या लेकरांच्या पोटाची काळजी केली. पोषण ही शिक्षणाची पहिली अट आहे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१९३० नंतरच्या काळात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. चांगले घर, मोकळी हवा, डॉक्टर आणि औषध यांची सोय झाली. पण ती फार उशिरा झाली. तीस वर्षांची झीज एक-दोन वर्षांच्या सुखाने भरून निघत नाही. रमाई गेल्या आणि पाच महिन्यांनी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. तो दिवस रमाईंनी पाहिला नाही. पुढे थॉट्स ऑन पाकिस्तान हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूलाच अर्पण केला.

घरातले दुःख आणि कायदा

बाबासाहेबांच्या धोरणांमागे केवळ घरातले दुःख होते, असे म्हणणे त्यांच्या विद्वत्तेवर अन्याय करणारे ठरेल. पण ज्या पित्याने चार मुले पुरली, तोच पुढे काय करत होता, हे पाहिले पाहिजे. राजरत्नच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला, पण वारंवारच्या बाळंतपणांनी झिजणाऱ्या स्त्रीचा विचार त्या काळी करणारे राजकीय नेते मोजकेच होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते, तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले.

आजच्या रमाई

२०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयक संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. भारतातील पाहणीच्या आधारे त्यात नमूद आहे की मृत्यू पावलेल्या दलित स्त्रियांचे मृत्यूसमयी सरासरी वय ३९.५ वर्षे होते, तर उच्च जातीतील स्त्रियांचे ५४.१ वर्षे. हे सरासरी आयुर्मान नव्हे, पाहणीतील मृत स्त्रियांच्या वयाची सरासरी आहे. तरी १४.६ वर्षांचे अंतर उरतेच. पाणी, शौचालय, पोषण आणि उपचार यांतील तफावत हेच त्यामागचे कारण आहे. रमाई ३७ व्या वर्षी गेल्या. इतक्या वर्षांत आपण किती पुढे आलो?

वस्त्यांमध्ये काम करताना एक गोष्ट सतत जाणवते. आपल्या बाया दुखणे अंगावर काढतात. सगळ्यांची ताटे झाल्यावर उरेल ते खातात. रक्त कमी आहे म्हणून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात, कारण दवाखान्यात पुन्हा जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. सरकारी दवाखान्यात पत्ता सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, तोही अनुभव अनेकींना आहे. अशा बाईला आपण घरीदारी सोसणारी म्हणून शाबासकी देतो. रमाईंचे नाव घेऊन तिला आणखी सोसायला सांगतो. हा रमाईंचा सन्मान नव्हे.

रमाईंनी सोसले, कारण त्यांच्यासमोर दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. आज तो मार्ग कायद्याने आणि संविधानाने दिला आहे. म्हणून २७ मे रोजी विहारात अभिवादन सभा घेताना त्याच विहारात स्त्रियांची रक्ततपासणी ठेवता येईल. गरोदर बाईची नोंदणी झाली का, हे महिला मंडळ पाहू शकेल. वस्तीच्या नळाला किती वेळ पाणी येते आणि जवळच्या दवाखान्यात डॉक्टर कधी असतो, याचा जाब स्थानिक प्रतिनिधीला विचारता येईल. घरातल्या पुरुषांनी एक दिवस तरी बाईच्या ताटात आधी वाढावे. रमाईंच्या फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येक घरातली बाई साठी, सत्तरी ओलांडून सुखाने जगली पाहिजे. ज्या ३७ वर्षांच्या आईला ते लाभले नाही, तिला वाहिलेली ती खरी आदरांजली असेल.

माता रमाईंना स्मृतिदिनी विनम्र अभिवादन. जय भीम.