लोकनायक बापूजी अणे

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी या गावी झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी काही काळ अमरावतीस शिक्षकाचे काम केले व पुढे यवतमाळ येथे वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांना ते गुरुस्थानी मानीत. लोक त्यांस आदराने बापूजी म्हणत.

१९३० साली महात्मा गांधींनी दांडी येथे मीठ उचलून सरकारचा अन्यायी कायदा मोडला. परंतु वऱ्हाडात समुद्र कोठला? येथील शेतकऱ्यांना जाच होता तो जंगलच्या कायद्याचा. रानात गवत मुबलक वाढे. पण राखीव जंगलातील गवत परवान्यावाचून कापणे हा गुन्हा ठरे. बापूजींनी हेच गाऱ्हाणे हाती घेतले. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगलात जाऊन त्यांनी गवत कापले. सरकारने त्यांस कारागृहात धाडले. पण सत्याग्रह थांबला नाही. त्याच महिन्यात यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलातही सत्याग्रहींचे विळे चालू लागले.

गांधीजींविषयी बापूजींना अतिशय आदर होता; तथापि त्यांचे प्रत्येक मत बापूजींस मान्य नव्हते. निरनिराळ्या जमातींना वेगळे मतदारसंघ देणाऱ्या जातीय निवाड्यावरून १९३४ साली त्यांचा काँग्रेसशी मतभेद झाला. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी वेगळा पक्ष स्थापन केला. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. पुढील वर्षी गांधीजींना अटक झाली, तरीही ते त्या पदावर राहिले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची प्रकृती ढासळू लागली, तरी सरकार त्यांना मुक्त करीना. आता मौन राखणे बापूजींच्या मनाला पटेना. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी तत्काळ आपल्या पदाचा राजीनामा दिला. मतभेद कायम होते. पण एका थोर पुरुषाचे प्राण पणास लागले असता अधिकाराच्या आसनावर स्वस्थ बसणे त्यांस कमीपणाचे वाटले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते घटना समितीचे सभासद झाले. १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. पुढे नागपूरकरांनी त्यांस लोकसभेवर निवडून दिले. एवढ्या व्यापातही त्यांचा संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. आपल्या गुरूच्या, लोकमान्यांच्या, जीवनावर त्यांनी संस्कृतात महाकाव्य रचले.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या प्रजासत्ताकाच्या उभारणीस त्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्याच प्रजासत्ताकाचा तो दिन होता.