बाळू पालवणकर : हात चालला, पण कर्णधारपद नाही मिळालं

सुरत : उधना, लिंबायत भागात रविवारी सकाळी चक्कर मारली की मोकळी जागा दिसेल तिथे आपली खानदेशची पोरं क्रिकेट खेळताना दिसतात. कोण लूमवर, कोण साडीच्या मार्केटमध्ये कामाला. पण खेळताना कोण कुठला, हे कोणी विचारत नाही. बॉल चांगला टाकतो ना, मग ये टीममध्ये! एवढी साधी गोष्ट एका मराठी खेळाडूला मात्र जन्मभर मिळाली नाही. त्याचं नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा, चर्मकार समाजातला. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, हे पोराचं काम. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. जाळी बांधायची, मैदान आखायचं आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. ग्रेग नावाचा नावाजलेला फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन् तास सराव करी. बाद केलं की तो आठ आणे बक्षीस देई, असं सांगतात. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि त्यासाठी बाळू हवे होते. काहींनी नाकं मुरडली, पण शेवटी घेतलं. मैदानात सगळे त्याच बॉलला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात चहा घेत. जेवणाचं ताटही वेगळं. तरी साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध त्यांनी सात गडी टिपले आणि सामना काढून दिला.

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा कुटुंब मुंबईला गेलं. तिथे बाळू बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले आणि तिच्या संघातूनही खेळले. या रेल्वेचं आणि सुरतेचं नातं जुनं आहे. तिचा पहिला मार्ग 1860 साली सुरतेला लागूनच, उत्राण ते अंकलेश्वर असा सुरू झाला. आज आपण नंदुरबारहून सुरतेला येतो ती पश्चिम रेल्वे तिचीच वारसदार.

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने 114 बळी घेतले.

एवढं करूनही कर्णधारपद? ते दुसऱ्यालाच. 1920 साली तर त्यांना संघातूनच वगळलं. मग धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला. शेवटी तडजोड झाली. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केलं. सामन्यात कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेला, तेवढा वेळ संघ बाळूंनी सांभाळला. त्यांच्या वाट्याला आलं ते तेवढंच. पुढे 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने मागितलेला हक्क धाकट्याला मिळाला.

तरुण आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1932 च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोरच उभं केलं. लढत चुरशीची झाली, बाळू हरले.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी पंधराच्या आसपास. आकडे कोणाची जात विचारत नाहीत. माणसं विचारत होती.

म्हणून या रविवारी गल्लीत टीम पाडताना पोरांना बाळूंची गोष्ट जरूर सांगा. आणि डाव संपल्यावर चहा सगळ्यांनी एकत्रच घ्या.