वॉटर्लूच्या पदकाला ३० वर्षं का लागली? कोण होते पिस्त्रुची?

सोन्याच्या 'गिनी'वर ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार पाहिलाय? इंग्लंडच्या सॉव्हरिन नाण्यावरचं हे चित्र १८१७ सालचं, रोमहून आलेल्या बेनेडेटो पिस्त्रुची यांचं. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही याच चित्राची सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. पण पिस्त्रुचींची ३० वर्षं गेली ती एका स्मृतिपदकात.

ते मूळचे रत्नांवर कोरीवकाम करणारे. १८१५ मध्ये लंडनला आले तेव्हा एका संग्राहकाकडे प्राचीन म्हणून घेतलेला फ्लोरा देवीचा कॅमिओ होता. हा मीच कोरलाय, असं पिस्त्रुचींनी सांगितलं. संग्राहकाला ते पटलं नाही. आज तो कॅमिओ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पिस्त्रुचींच्याच नावावर!

१८१९ मध्ये त्यांना वॉटर्लूच्या विजयाचं पदक करायला सांगितलं गेलं. एका बाजूला चार मित्रराजे, दुसऱ्या बाजूला घोड्यावर वेलिंग्टन आणि ब्ल्यूखर हे सेनापती. व्यास तब्बल १३ सेंटिमीटरच्या आसपास.

काम रेंगाळलं. परदेशी असल्यामुळे टांकसाळीतलं मुख्य कोरक्याचं पद पिस्त्रुचींना मिळेना. १८२८ मध्ये ते विल्यम वायन यांना दिलं गेलं, पिस्त्रुचींसाठी मुख्य पदककार अशी वेगळी जागा काढली. पदक संपलं की आपली गरजही संपेल, ही भीती त्यांना होती, असंही म्हटलं जातं. मानी माणूस, दुसऱ्याच्या शिल्पावरून राजाचा चेहरा कोरायलाही त्यांनी नकार दिला होता.

अखेर १८४९ मध्ये साचे टांकसाळीत पोहोचले. आता अडचण पोलादाची. साचा कोरताना पोलाद मऊ असतं. त्यावर पदकं पाडायची तर तो लालभडक तापवून झटकन थंड करावा लागतो, म्हणजे कडक होतो. एवढा मोठा साचा त्यात तडकण्याचा धोका होता. ३० वर्षांची मेहनत एका क्षणात गेली असती. टांकसाळीनं तो धोका पत्करलाच नाही.

तोवर पदक ज्यांना द्यायचं त्यातले चारही राजे वारले होते. ब्ल्यूखर तर १८१९ मध्येच गेले. उरले फक्त वेलिंग्टन.

शेवटी मऊ साच्यांवरून ठसे घेतले गेले, विजेच्या साहाय्यानं धातू चढवून काही प्रती केल्या. ठरलेलं सोन्याचं पदक मात्र पडलंच नाही. पिस्त्रुची १८५५ मध्ये विंडसरजवळ वारले.